सरजाबाईंच्या गाण्यांचं पुस्तक

कोलकाता, १४ जानेवारी

प्रिय आईला नीलमचा मनापासून जयभीम.

सिद्धोधनदादा, ऑपरेशननंतर आईच्या डोळ्यांना अजून ताण नको. तूच सावकाश वाचून दाखव.

आई, मी बरी हाय. इथल्या मोठ्या ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करायलेय. देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत इथं पाठवावी लागते; गेल्या एका वर्षात छापलेली पुस्तकं आमच्या दालनात छतापर्यंत रचलीत. कितीतरी लिप्या मला ओळखूही येत न्हाईत. एका वर्षात एवढी माणसं लिहायला बसली!

काल त्याच ढिगात तुझं पुस्तक हाती आलं. दादानं परभणीत छापून घेतलेलं, रेल्वेच्या रुळावर खडी टाकणाऱ्या बायांच्या गाण्यांचं. मी ते उघडून तिथंच वाचू लागले. सोबत काम करणाऱ्या शर्मिष्ठादी म्हणाल्या, "वाचून दाखव." त्यांना मराठी येत न्हाई, तरी त्यांनी उभ्या राहून एक पूर्ण गाणं ऐकलं. मग लेखिकेच्या रकान्यात मी तुझं नाव गावासकट लिहिलं: सरजाबाई, चुडावा.

डोळ्यात थेंब वेळेवर टाकतीस का? "माझं कोण वाचतंय" म्हणून गाण्यांची दुसरी वही तू संदुकीत टाकलीस, असं दादा सांगत होता. ती बाहेर काढ. या वर्षाची फळी अजून रिकामी हाय.

तुझी लेक,
नीलम