आतले बोल्ट

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा इंजिनबांधणी, आज पूर्ण शुद्धीवर, पोटात सकाळच्या दोन गोळ्यांखेरीज काही नसताना आणि कुणाचेही दडपण नसताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. यापूर्वी असे काही लिहिलेले नाही. माझे डोके शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हाताबद्दल त्यांनी काही लिहिलेले नाही, ते मी लिहिणार आहे.

कलम १. राहते घर, त्यातील सामानसुमान आणि बँकेतील शिल्लक माझ्या पत्नीस (यापुढे ‘ही’) मिळावी. वकीलबाई म्हणाल्या की ‘ही’ कायद्यात चालत नाही. लग्न झाल्यापासून मी हिला दुसरे काही म्हटलेले नाही, तेव्हा कायद्याने थोडे सांभाळून घ्यावे.

कलम २. आमचा मुलगा दूरगावी नोकरीला असून त्याला ग्रीसचा वास सोसत नाही. त्यास माझे मनगटी घड्याळ व आशीर्वाद. गॅरेज विकून टाका, असे तो दर फोनला सांगतो. ते कोणी ऐकू नये.

कलम ३. समोरच्या शिंप्याने माझ्या गाड्यांच्या टर्बोच्या शिट्टीने त्याची शिलाई वाकडी होते अशी माझ्याविरुद्ध लेखी तक्रार केली होती. तो राग मी येथे सोडून देत आहे. शिलाई आधीपासूनच वाकडी होती, एवढे मात्र नोंदवून ठेवावे.

कलम ४. गॅरेज आणि त्यातील सर्व हत्यारे हिला. भिंतीवर खिळ्याला टांगलेला टॉर्क पाना विशेष करून हिला. तो ठरावीक ताण आला की कट्ट असा वाजतो, म्हणजे बोल्ट पुरेसा आवळला गेला हे कळते. हिनेच तो मला आणून दिला होता. मी आलेल्यागेलेल्याला तो दाखवून म्हणत असे, “हे नवशिक्यांचं खेळणं. आपला हातच टॉर्क पाना.” लोक हसत, हीसुद्धा हसत असे. पाना मात्र खिळ्यालाच राहिला.

या हाताची थोडी माहिती देणे भाग आहे. घरच्या साध्या चारचाकीला टर्बो बसवून तिची ताकद दुपटीने वाढवणे, हे माझे काम. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात हवा कोंबतो, हवेबरोबर पेट्रोल वाढते आणि आतला भडका मोठा होतो. तो सोसायला पिस्टन आणि त्यांना खालून धरणारे रॉड घडीव घालावे लागतात, आणि एकेक बोल्ट नेमका आवळावा लागतो. ढिला राहिला तर सुटतो, जास्त आवळला तर ताणून तुटतो. रॉडचा बोल्ट सुटला तर भर वेगात रॉड इंजिन फोडून बाहेर येतो, आणि मग गाडी कुठे जाईल ते चालवणाऱ्याच्या हातात राहत नाही. लोक लांबून येत ते माझ्या आवळण्यासाठी. ‘उस्तादांचा हात’ असे म्हणत. मीही तसेच समजत होतो.

कलम ५. हे कलम लिहिताना मला लाज वाटते.

माझा उजवा हात थरथरतो आणि बोल्ट किती आवळला ते बोटांच्या टोकांना पुरेसे कळत नाही. हे डॉक्टरांखेरीज कोणाला सांगितले नाही. दुपारी जेवून मी मागच्या खोलीत आडवा होतो. औषधांच्या दुकानदाराच्या गाडीचे इंजिन बांधत होतो, तेव्हा एका दुपारी डोळा लागता लागता पाल चुकचुकल्यासारखा आवाज आला. थोडे थांबून परत आला. शंकेची पाल म्हणतात ती अशी अंगावर पडेल असे वाटले नव्हते. दाराच्या फटीतून पाहिले, तर ही साडीचा पदर खोचून इंजिनावर वाकली होती आणि माझे आवळलेले बोल्ट टॉर्क पान्याने परत आवळत होती. बोल्ट आवळून झाल्यावर मी लावलेल्या पिवळ्या खुणा पुसून नव्या लावत होती. माझ्यासारख्याच, थोड्या जाड.

मी परत जाऊन निजलो. निजलो म्हणजे डोळे मिटले. उठल्यावर चहा घेताना ही म्हणाली, “झोप झाली का?” मी म्हटले, “मेल्यासारखी.”

तेव्हापासून मी रोज दुपारी झोपेचे सोंग घेतो. पुढे सुताराच्या गाडीचे इंजिन झाले, आता तिसरे घोडीवर, म्हणजे इंजिन बांधायच्या स्टँडवर, आहे. दारापलीकडे ही पान्याने कट्ट करते आणि मी घोरतो. न झोपता घोरणे अवघड असते, पण निलाजऱ्याला जमते. गिऱ्हाइकासमोर मात्र मी हिला ऐकवतो की, “हिला दहाचा आणि बाराचा पाना ओळखू येत नाही.” ही खाली बघून कप उचलते.

म्हणून माझे सांगणे असे की, माझ्या पश्चात गॅरेजच्या पाटीवर हिचे नाव लावावे आणि शेवटची तिन्ही इंजिने हिच्या हातची आहेत असे सर्वांस कळवावे.

हे वाचून वकीलबाई म्हणाल्या, “काका, हे तुम्ही गेल्यावर उघडायचं. यातलं आज काहीच होणार नाही.” मी म्हटले, “म्हणून तर लिहितोय.” त्यांनी चष्म्यावरून पाहिले. मला स्वतःचीच किळस वाटली. घरी येऊन कलम ५ हिला वाचून दाखवले. त्यानंतर जे झाले ते पुढे जोडत आहे.

कलम ६. हिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “तुमचं घोरणं खोटं आहे हे मला कळत होतं. खरं घोरता तेव्हा मधेच थांबता.” मग कागदावर बोट ठेवले. “अहो, पण मी वरचेच बघितलेत. हेडचे, टर्बोचे, बाहेरचे. आतले रॉडचे कुठे बघणार होते?”

“आतले का नाही?”

“इंजिनाखालचा ऑइल चेंबर तुम्ही आधीच लावून टाकत होतात. तो काढला असता तर तुम्हाला लगेच कळलं असतं. मला वाटलं, आतले तरी नीट करत असाल.”

मी समजत होतो की ही सगळे बघते. ही समजत होती की आतले मी बघतो. आम्ही एकमेकांची लाज झाकत बसलो, आणि त्यात दोन इंजिने रस्त्यावर गेली.

घोडीवरच्या इंजिनाचा चेंबर लगेच काढला. हिने रॉडच्या पहिल्या बोल्टला पाना लावला. कट्ट होण्याआधी तो चांगलाच फिरला, म्हणजे ढिला होता. दुसराही फिरला. ही माझ्याकडे बघेना आणि मी हिच्याकडे.

सुताराला फोन केला. त्याची गाडी अंगणात होती, तिथेच राहू दे म्हटले. औषधांच्या दुकानदाराला फोन लावला, तो उचलेना. मग आठवले, साक्षीदार म्हणून आज ये, असे मीच त्याला सांगितले होते. मुलीला शाळेतून घेऊन येतो म्हणाला होता. आम्ही दोघे दारात उभे राहिलो. वळणावर टर्बोची शिट्टी ऐकू आली. तिच्यासाठी मी आयुष्यभर कान टवकारून बसलो, आज ती थांबेपर्यंत मला श्वास घेता आला नाही.

दुकानदाराला हा सर्व मजकूर आधी वाचायला दिला आहे, मगच सही करत आहे. पाटी व हत्यारे मी मरण्याची वाट न पाहता आजच हिच्याकडे दिली. यापुढे मी एकही बोल्ट आवळणार नाही.

स्थळ : गॅरेज
दिनांक : बारा, मंगळवार, दुपार
सही : (वाकडी आहे, पण माझीच आहे)

साक्षीदार पहिला, डॉक्टर : वरील सही माझ्यासमोर झाली. लिहिणारा शुद्धीवर आहे. हाताबद्दल त्यांनी मला विचारले होते आणि कोणाला सांगू नका म्हणाले होते. मी सांगितले नाही.

साक्षीदार दुसरा, औषधांचा दुकानदार : सही माझ्यासमोर झाली. मजकूर वाचला. येताना मुलगी “बाबा, अजून जोरात” म्हणाली म्हणून पुलावर मी गाडी पूर्ण ताणली होती. गाडीची किल्ली उस्तादांच्या पत्नीकडे दिली आहे. मुलीला घेऊन पायी घरी जात आहे. उस्तादांशी आज मला बोलता आले नाही.