अकरा लाल टेस्ट

प्रिय जहांआरा,

फोन तू उचलत नाहीस, तो तुझा हक्क आहे. म्हणून लिहायला बसले. अक्षर बारीक झालंय, सांभाळून घे. परवा स्टँडवर तुझे थोरले भाऊ, शकूरभाई भेटले. म्हणाले, "गलती झाली तिच्याकून, आता घरीच राह्यते." इकडे सुलतानपूरला आमचे बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, घरातली पहिली ग्रॅज्युएट आमची आशा, बुलढाण्यात फिरत्या दवाखान्याचं सॉफ्टवेअर बनवते.

ती संध्याकाळ तू विसरली नसशील. ऑफिसच्या नव्या कॉम्प्युटरवर पहिला बिल्ड केला, सगळा प्रोग्रॅम जुळवून चालवला, आणि तुझ्या अकरा टेस्ट लाल, म्हणजे नापास झाल्या. पेशंटचं नाव आणि आजार एन्क्रिप्ट होऊनच, परक्याला वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपातच साठवले जातात ना, एवढंच त्या तपासत होत्या. दवाखान्याचं तपासणी शिबिर चार दिवसांवर आलेलं. मी सरांसमोर, सगळ्यांसमोर म्हणाले, जहांआराच्या कामातच घोळ आहे. तू म्हणालीस, "माह्या मशीनवर त चालून राह्यल्या वं. इथं लाल काऊन झाल्या, ते त पाह्य आधी." मी पाहिलं नाही. त्या बंदच केल्या. उरलेलं सगळं हिरवं झालं, सरांनी पेढे वाटले. तुझा पेढा टेबलावर ठेवून तू घरची, मलकापूरची बस धरलीस.

शिबिर झाल्यावर सोमवारी त्याच्या नोंदी उघडल्या. आमच्याच तालुक्यातली एक बाई. नाव, गाव आणि तिनं घरातही न सांगितलेला आजार, सगळं कुणालाही वाचता येईल असं. शोधलं, तर त्या कॉम्प्युटरवर एन्क्रिप्शनची लायब्ररी, म्हणजे ते काम करणारा तयार प्रोग्रॅम, टाकलेलाच नव्हता, म्हणून नोंदी उघड्याच साठल्या. तो कॉम्प्युटर मी तयार केला होता. लायब्ररी टाकली, टेस्ट पुन्हा सुरू केल्या. तुझी एक ओळही न बदलता अकराच्या अकरा पास झाल्या. नोंदी दवाखान्याबाहेर गेल्या नव्हत्या, हे नशीब. तुझ्या टेस्ट ओरडून हेच सांगत होत्या आणि मी त्यांचं तोंड दाबलं होतं.

एन्क्रिप्शन कशाला, असं मी विचारलं, तेव्हा तू म्हणाली होतीस, "बाईचा आजार तू पोस्टकार्डावर लिहिशील का?" म्हणून त्या बाईचं नाव इथं घातलं नाही. माझी चूक मात्र मुद्दाम पोस्टकार्डांवरच लिहिली आहे, दोन लागली. तुला चारचौघांत खोटं पाडलं, आता हेही पोस्टमनला, गल्लीला, कुणालाही वाचू दे. सरांनाही काल सगळ्यांसमोर हेच सांगितलं. तुझी खुर्ची रिकामी आहे, यायचं की नाही ते तू ठरव. फक्त कार्डं आधी शकूरभाईंच्या हातात दे.

तुझीच,
आशा