लाटण्याची नाडी

मंगळवार, ४ मार्च

गुरुवारी लेख हवा! संपादकांचा फोन — "पान रिकामं पडलंय हो. ते स्वस्तातलं घड्याळ करून टाका." करून टाका! बावीस वर्षं लिहितेय. मिक्सर असो की इस्त्री, आठवडाभर वापरल्याशिवाय मी एक ओळ लिहीत नाही. त्यांनाही ठाऊक आहे. पण रिकाम्या पानापुढे कोणाचं काय चालतं?

घड्याळ मात्र देखणं. पट्टा मऊ, आकडे ठसठशीत, चष्म्याशिवाय दिसतात. पावलं, झोप, नाडी — सगळं मोजतं म्हणे.

बुधवार, ५

हजार पावलं तोंडाने मोजत चालले. घड्याळात एक हजार एकतीस. या किमतीत एवढं चालायचंच. नाडी बहात्तर. बोटांनी मोजली — तीही बहात्तर! तासाभराने पुन्हा पाहिलं, जुळलं. दोन्ही वेळा खुर्चीत बसूनच. जिना चढून बघायला हवं होतं, पण गुडघा कुरकुरत होता. उद्या.

गुरुवार, ६

जिना राहिलाच. लेख दिला. "नाडीचे आकडे भरवशाचे." वेळेआधी दोन तास. संपादक खूश.

बुधवार, १२

रविवारी लेख आला. आज ताईच्या शिवणाच्या दुकानात गेले. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या, आणि मनगटावर — तेच घड्याळ! "बघतेस काय अशी? आमच्या लेखिकाबाईंनी शिफारस केल्यावर घ्यायला नको?" लेखाचं कात्रण आरशाशेजारी चिकटवलंय.

महिनाभर तिला मधूनच चक्कर येते. परवा माप घेताना भिंत धरावी लागली. डॉक्टरांनी हृदयाची तपासणी सांगितली होती, उद्याची वेळ होती. तिने ती रद्द केली. "अगं, दिवसभर बहात्तर-पंचाहत्तर दाखवतंय. घोड्यासारखी आहे मी! उगाच तारा लावून कशाला पडू?"

मीही हसले.

शुक्रवार, १४

 

भांडी घासायला बसण्याआधी घड्याळ काढलं. भिजू नये म्हणून बरणीत उभ्या असलेल्या लाटण्याला पट्टा अडकवला. हात पुसून बघते तर हिरवा दिवा लुकलुकतोय — नाडी अठ्ठ्याहत्तर. लाटण्याची!

आधी हसूच आलं. मग टॉवेलची गुंडाळी केली, तिला बांधलं. चौऱ्याहत्तर. तेलाची बाटली — एकाहत्तर. मग हसू आटलं. घड्याळ हातात घालून दोन मजले धावत चढले. धाप लागली, कानशिलं उडत होती. बोटांनी मोजली, एकशे अठरा. घड्याळात पंचाहत्तर!

म्हणजे हे नाडी मोजतच नाही. आकडे आपल्या मनाचे ठोकून देतं. त्या दिवशी जुळलं, कारण माझी नाडी मुळातच बहात्तर. एक जिना चढले असते तर —

ताईला फोन लावला. "लाटण्याला घालून कोण बघतं गं? मनगटाला घाल, बाई!" खदखदून हसली. मग दम खायला थांबली. बराच वेळ थांबली.

शनिवार, १५

सकाळीच तिच्या घरी. डॉक्टरांकडे येईना! "गिऱ्हाइकांना काय सांगू? माझी बहीण थापा मारते?"

"सांग."

भावोजी एरवी दोघींच्या भांडणात पडत नाहीत. आज मुकाट्याने तिच्या चपला आणून पायांपुढे ठेवल्या.

डॉक्टरांनी मनगट धरलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. पूर्ण मिनिट. "ते घड्याळ काढा," एवढंच म्हणाले. तारा लावल्या. कागदावर रेघ उमटत गेली — टेकड्या लांब लांब, मध्ये नुसतं माळरान. नाडी अडतीस. काढून ठेवलेल्या घड्याळात शेवटचा आकडा — त्र्याहत्तर!

घरी सोडलंच नाही. सोमवारी पेसमेकर. "अजून आठवडा काढला असतात, तर..." डॉक्टर म्हणाले.

बाहेरच्या बाकावरून संपादकांना फोन केला. "बरं, पुढच्या अंकात कोपऱ्यात दुरुस्तीची एक चौकट टाकू."

"कोपऱ्यात नाही. लेख होता तिथेच, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत. आणि आजच्या आज संकेतस्थळावर."

"अहो, पण मथळा काय द्यायचा?"

"माझं चुकलं."

मग — "पाठवा."

रविवार, १६

काल रात्रीच पाठवले. शंभर शब्द. चार तास लागले.

सोमवार, १७

पेसमेकर बसला. सगळं नीट झालं. ताईला खोलीत आणलं. डोळे मिटूनच तिने माझा हात चाचपला. "एक सांगू? रागावशील. घड्याळ घेतलं त्याच दिवशी मी बोटांनी मोजून बघितलं होतं. बेचाळीस आली. परत मोजली. बेचाळीसच."

"अगं, मग?"

"मग काय. म्हटलं, माझंच मोजायला चुकत असेल. तू कशी चुकशील?"