भरल्या घरातली टिकली

४ फेब्रुवारी

सरावासाठी बोलावलेली मुलंच आली नाहीत! पाळणाघरवाल्या बाईंनी ऐन वेळी अंग काढून घेतलं. राष्ट्रीय आरोग्य पाहणी पुढच्या आठवड्यात सुरू होणार, समोर नवे मोजणीदार बसलेले, आणि मोजायला एकही जीव नाही. शेवटी घरी फोन केला. अर्ध्या तासात वहिनी टिकलीला कडेवर घेऊन हजर! माझी भाची. वय दीड वर्ष, आवाज मात्र अख्ख्या कचेरीला पुरेल एवढा.

बाळाला फळीवर आडवं झोपवायचं. एकाने डोकं धरायचं, दुसऱ्याने गुडघे दाबून तळव्याला सरकपट्टी टेकवायची. जोड्यांमागून जोड्या आल्या. सगळ्यांची टिकली त्र्याहत्तर सेंटिमीटरच्या आसपास. मी तडकलेच. "दीड वर्षाची पोर एवढीशी नसते! गुडघे नीट दाबा." परत मोजायला लावलं. मागून कुणीतरी पुटपुटलं, "मिलिमीटरबाई पेटल्या आज." ऐकू आलं मला. हे नाव मला आवडतं, पण त्यांना कशाला सांगा!

५ फेब्रुवारी

भांडारातून नवी फळी काढली. तपासून घेतली. टिकलीला परत बोलावलं, स्वतः मोजलं. त्र्याहत्तर.

फळीत खोट नाही. हातात खोट नाही. म्हणजे वाढीच्या तक्त्यात टिकली खालच्या रेषेच्याही खाली. अहवालात आम्ही ज्यांना 'खुजी' लिहितो, त्यांच्यात. आमची टिकली!

साहेब हसले. "अहो, सधन घरांत निघतात असे आकडे. मोजणीची चूक! आपण नाही का ते बाजूला काढत?" काढतो. मीही आजवर ती चूकच समजत होते.

७ फेब्रुवारी

बालरोगतज्ज्ञ बाईंकडे नेलं. आजार काही नाही. जन्माचं वजन विचारलं— जेमतेम दोन किलो. मला हे आज कळतंय! तेव्हा मी दौऱ्यावर, दुसऱ्यांची बाळं मोजत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"पोटात असतानाच कमी पडलंय हिला. तुम्ही नीट जेवत होतात ना?" वहिनी टिकलीच्या टोपड्याची नाडी बांधत बसली. नाडी आधीच बांधलेली होती.

घरी दादा उसळला. "आपल्या घरात कुपोषण? डबे उघडून बघ!" उघडून बघितले. भरलेले आहेत.

८ फेब्रुवारी

आईला सरळ विचारलं. भाजी निवडत होती. लपवायचं तिच्या मनातही नव्हतं.

"अगं, मीच सांगितलं होतं तिला, हात राखून खा म्हणून. बाळ पोसलं की बाईचे हाल. तुझ्या दादाच्या वेळी सासूबाईंनी मला ठासून खाऊ घातलं. तीन दिवस अडले होते मी! मेलेच असते. तुझ्या वेळी शहाणी झाले. अर्धपोटी राहिले, तर तू कशी अलगद आलीस!"

केवढ्या मायेने सांगत होती! दादाचं डोकं दाराच्या चौकटीला लागतं आणि माझा हात स्टुलाशिवाय वरच्या डब्यापर्यंत पोचत नाही. "ही आजीवर गेली," म्हणून सगळे हसायचे. मीही हसायचे.

ओरडणार होते. पण 'अडले होते' म्हणताना तिच्या हातातली जुडी खाली पडली, ते बघितलं. बाजूला बसून समजावलं— तक्ते, टक्के, देशभरचे आकडे. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझे आकडे बाळंत होत नाहीत, बाई."

कप्पाळ!

९ फेब्रुवारी

साहेबांना सांगितलं, यंदा भरल्या घरातले आकडे चूक म्हणून काढू देणार नाही. आणि बाळाच्या आईला विचारायचं— पोटुशी असताना पोटभर जेवलीस का? "मापं घ्यायची सोडून नसते प्रश्न? आणि पुरावा काय?" मी उठले, भिंतीवरच्या मोजपट्टीला पाठ लावून ताठ उभी राहिले. त्यांना काही कळलं नाही. त्यांना वाटलं मी चिडलेय. चिडले तर होतेच!

११ फेब्रुवारी

वहिनीने कपडे वाळत घालायच्या निमित्ताने मला गच्चीवर नेलं. जिन्याचं दार लावून घेतलं आणि हळूच म्हणाली, "वन्सं, मला परत दिवस गेलेत. आईंना इतक्यात सांगू नका हं. त्यांना कळेपर्यंत तरी पोटभर जेवते."