गुरुवारपर्यंतचा आवाज

तीर्थरूप दादांस,

साष्टांग नमस्कार. (डॉक्टरांची मनाई गळ्याला आहे, पाठ अजून वाकते.) वहिनींचे गुडघे आणि तुमचा रक्तदाब आटोक्यात असावेत, अशी आशा करतो. बाबांच्या फोटोतला कोट त्यांचा स्वतःचा की फोटोवाल्याचा, या मुद्द्यावरून आपला अबोला चालू आहे, हे मी विसरलेलो नाही. परंतु लिहिणे म्हणजे बोलणे नव्हे, असा अर्थ मी माझ्यापुरता लावला आहे.

कळवण्यास कारण की, येत्या गुरुवारी माझ्या गळ्याची शस्त्रक्रिया आहे. गाठ वाईट निघाली. तिच्याबरोबर स्वरयंत्रही काढावे लागेल. म्हणजे जीव बहुधा राहील, आवाज राहणार नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या माणसाची नेमकी हीच वस्तू काढली जावी, यात कुणाला न्याय दिसत असेल तर दिसो. (कचेरीत बऱ्याच जणांना दिसला.)

समाचाराला येणाऱ्यांपुढे तोंड उघडायचे नाही, असे ठरल्यामुळे मी उशाशी स्टीलचा पेला आणि चमचा ठेवला. तपशील चुकला की एक ठोका, अतिशयोक्ती झाली की दोन. शेजारचे निवृत्त ओव्हरसियर स्वतःच्या मूतखड्याची हकीकत सांगू लागले, तेव्हा खडा वाक्यागणिक वाढत गेला आणि पेल्याला पोचे आले. शेवटी ते हिला म्हणाले, "वहिनी, आजारी कोण, मी की हे?" हिने चमचा काढून घेतला.

चमचा गेल्यावर मला मनुष्यस्वभावाचे खरे दर्शन घडले. जो बोलत नाही त्याला ऐकूही येत नसणार, असा लोकांचा पक्का समज आहे. माझ्या हाताखालचे दोन कारकून माझ्याच पलंगाच्या कडेवर बसून, कचेरीतली खिडकीजवळची माझी खुर्ची कुणी घ्यायची यावर कुजबुजत होते. (तिचा उजवा हात निखळलेला आहे, हे मी सुचवले नाही. ज्याचे त्याला कळेल.) ओव्हरसियर निघताना हिला म्हणाले, "आता घर कसं शांत होईल बघा." ही "हो" म्हणाली, दार लावून घेतले आणि स्वयंपाकघरात गेली. मग बाहेर येऊन म्हणाली, "मीठ जास्त झालं म्हणून ओरडणारं कुणी नसेल, तर मी चव तरी कशाला घेऊ हो?" चमचा नव्हता, म्हणून मी पेल्यावर बोटानेच एक ठोका दिला.

असो. वहिनींना नमस्कार सांगावा.

आपला आज्ञाधारक (असे लिहिण्याची रीत आहे म्हणून),
धाकटा

ता. क. हे पत्र केवळ माहितीसाठी आहे. मुद्दाम येण्याची तसदी घेऊ नये. दवाखान्यातले बाकही धड नाहीत.

ता. ता. क. गुरुवारच्या आत ये. दिवसाकाठी चार शब्द बोलायची मुभा आहे, ती मी कुणावरही खर्च न करता राखून ठेवली आहे. आपलं भांडण अर्धवट राहिलंय, दादा. गुरुवारनंतर तू एकटाच बोलत बसशील, मी नुसती मान हलवीन, आणि तुला वाटेल, मला पटलं.