सासऱ्यांची ब्रेकव्हॅन

३ जानेवारी, शनिवार
संघमित्राचे पप्पा, कोंडीरामजी, रेल्वेतले रिटायर्ड गार्ड. आयुष्य मालगाडीवर गेलं. २५ तारखेला पंचाहत्तरी. ठरलं! मालगाडीच्या शेपटाला गार्डचा डबा असतो ना, ब्रेकव्हॅन, तिचं मॉडेल देणार. आपल्याकडची रेडीमेड मिळाली नाही, म्हणून अमेरिकन मालडब्यांचे दोन किट मागवले. कापायचे, जोडायचे, झाली आपली ब्रेकव्हॅन. किटबॅशिंग म्हणतात याला. एका वीकेंडचं काम. संघमित्रा म्हणते, शर्ट घेऊ. कलेतलं काही कळत नाही हिला.

७ जानेवारी, बुधवार
पहिला डबा कापला. करवत डावीकडे गेली. नायगावच्या या नव्या टॉवरात फरशीच तिरकी असणार.

११ जानेवारी, रविवार
दुसराही तिरका गेला. उत्तम. दोन्ही तिरके, म्हणजे एकमेकांत बसतील.

संध्याकाळी : बसले नाहीत. पुट्टी भरली.

१७ जानेवारी, शनिवार
डब्याच्या व्हरांड्याचे कठडे केले, स्टेपलरच्या पिनांचे. संघमित्राने विचारलं, दरवाजा उलटा का? म्हटलं, गार्ड लोकांच्या सोयीसाठी. म्हणाली, थांब, पप्पांनाच विचारते. म्हटलं, खबरदार! सरप्राइज आहे.

२२ जानेवारी, गुरुवार
रंग दिला. तांबडा-तपकिरी हवा होता, गुलाबी आला. धूळ बसली की बरोबर दिसेल. डबा जरा कलतो. खऱ्या गाड्यासुद्धा वळणावर कलतात.

२५ जानेवारी, रविवार, दुपार
निघताना कठडा निसटला. इन्स्टंट ग्लू लावला. लगेच सुकतो.

त्याच दिवशी, घरी आल्यावर
लगेच सुकत नाही.

भोईवाड्याला, सासरी, केक कापला. पप्पांनी डबा हातात घेतला तो सोडेचनात. मला वाटलं, भरून आलंय. अंगठा चिकटला होता. मेहुणी प्रिती नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन धावली. वाटीत ओतून अंगठा डब्यासकट बुडवला. अंगठा सुटला. रिमूव्हरने हे प्लास्टिक विरघळतं, मला माहीत होतं. फक्त आठवलं नंतर. वाटीत गुलाबी गोळा.

म्हटलं, पप्पा, ही तुमची ब्रेकव्हॅन होती.

त्यांनी गोळा वाटीतून उचलला. मग म्हणाले, "पोरं इंजिनाला हात करायची, गौतमराव. मालगाडी संपेपर्यंत कोण थांबतंय? आमचा डबा यायचा तेव्हा सगळी पांगलेली. तुम्ही थांबलात."

त्यांनी गोळा पुसला, रुमालात गुंडाळला, खिशात ठेवला. संघमित्राने माझ्याकडे बघितलं. चांगल्या अर्थाने. शर्टाने हे झालं नसतं.

२६ जानेवारी, सोमवार
सकाळीच पप्पांचा फोन, संघमित्राला. आवाज एकदम खूश. त्यांच्या कॉटचा एक पाय कित्येक वर्षं डुगडुगत होता. गोळा त्याच्याखाली सरकवला. शांत झोप लागली म्हणाले. अगदी मापात बसलाय म्हणे.

माप माझं पहिल्यापासूनच पक्कं.