सिंगापूरचा मुक्काम

गुरुवार. सकाळी आठला ट्रेनिंग सेंटरला पोचले. वर्षातून एकदा असतो तो सुरक्षिततेचा वर्ग होता. केबिनमध्ये धूर, इंजिनाला आग, पाण्यावर उतरावं लागलं तर काय करायचं, तेच सगळं. दुपारी लेखी परीक्षा झाली, पास झाले. साडेचारला येलहंक्याला घरी आले, चहा केला. उद्या उड्डाण नाही.

अण्णा, आज जेवणाच्या सुट्टीत तुमची आठवण यावी असं बोलणं निघालं. टेबलावर आम्ही तिघं होतो. मी, पुण्याची एक तरुण फर्स्ट ऑफिसर आणि पुढच्या वर्षी निवृत्त होणारे नागपूरचे एक कॅप्टन. तिघंही मराठी, म्हणून मराठीतच चाललं होतं. माझ्या मराठीत मधूनच कानडी ‘सरी’, ‘स्वल्प’ येतं, त्यावर ती मुलगी हसते. आमच्या कंपनीने एका परदेशी कंपनीशी कोडशेअर केलंय, ही बातमी तिने आणली होती. कोडशेअर म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला हवं. तिकिटावर फ्लाइटचा नंबर आमच्या कंपनीचा, पण विमान दुसऱ्या कंपनीचं आणि चालवणारेही त्यांचेच. दोन महिन्यांनी सिंगापूर त्यांच्याकडे जाईल. तिकिटं आम्ही विकायची, उडायचं त्यांनी. म्हणजे आमचा तिथला मुक्काम संपला.

“म्हणजे आपलं सिंगापूर गेलं काय?” कॅप्टन चमचा खाली ठेवून म्हणाले.

“सर, तुम्हाला काय फरक पडतो? तुम्ही तिथे जाऊन झोपताच फक्त,” ती मुलगी म्हणाली.

“झोपायला मिळते म्हणून तर मागतो ना बापा! घरी दोन नातवंडं आहेत माझी. त्या हॉटेलचे पडदे पाहिलेस का? दुपारी दोनला ओढले की अमावस्या.”

“मी तर मुंबई सोडून काहीही मागते. मुंबईला मुक्काम पडला की मावशीला कसं कळतं देव जाणे. आधी पोहे, मग स्थळं.” मग ती माझ्याकडे वळली. “मॅम, तुमचं मात्र काहीच जात नाही. तुमच्या फॉर्मवर सिंगापूर कायमचं ‘नको’ आहे ना? का हो? व्हेज मिळत नाही म्हणून?”

“हॉटेल आवडत नाही,” मी म्हटलं.

“ते हॉटेल न आवडणारी मी एकच बाई पाहिली,” कॅप्टन म्हणाले, आणि पुन्हा पडद्यांकडे वळले.

आम्हाला दर महिन्याच्या दहा तारखेपर्यंत पसंती कळवायची असते. कुठे रात्रीचा मुक्काम हवा, कुठे नको. सगळं मिळतंच असं नाही, पण मागायचं आपण असतं. अकरा वर्षं मी सिंगापूरसमोर ‘नको’ लिहीत आलेय, आणि अकरा वर्षं विचारणाऱ्या प्रत्येकाला हॉटेलचं कारण सांगत आलेय.

चिकपेटच्या गल्लीतलं आपलं दुकान मला त्या टेबलावरच दिसायला लागलं. मी आठवीत आहे. शाळा सुटल्यावर काउंटरमागच्या स्टुलावर बसून गणितं करते. लग्नसराईत काम हाताबाहेर जायचं तेव्हा तुम्ही कोट मागच्या गल्लीतल्या शिंप्याला शिवायला द्यायचात. माप तुमचं, कापणी तुमची. कोट शिवून आला की आतल्या बाजूला आपल्या दुकानाच्या नावाची पट्टी मी हाताने टाचायची. बँकेतले एक साहेब कोट न्यायला आले. त्यांनी अस्तर उलटून पट्टी पाहिली आणि मला विचारलं, “अण्णांनी स्वतः शिवलाय ना?” मी वर न बघताच “हो” म्हटलं. तुमचं मशीन थांबलं. “नाही सर. कापलाय मी, शिवलाय मागच्या गल्लीतल्या माणसाने. हात चांगला आहे त्याचा. पण तुम्हाला नको असेल तर उसवून मी शिवून देतो, चार दिवस द्या.” साहेबांनी कोट घातला, आरशात दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि घेऊन गेले.

ते गेल्यावर तुम्ही म्हणालात, “काय गं, खोटं का बोललीस?”

“पट्टी तर आपलीच आहे की.”

“पट्टी असू दे आपली. हात कुणाचा ते कुणी विचारलं तर सांगायचं. एवढंच.” आणि मशीन पुन्हा सुरू केलंत. त्यानंतर ती गोष्ट तुम्ही कधी काढली नाहीत.

मला पहिला युनिफॉर्म मिळाला तेव्हा तो कंपनीच्या कंत्राटदाराने शिवलेला होता. पुरुषांच्या मापावर थोडं कमी-जास्त करून बायकांसाठी काढलेला. खांद्यावर झोळ, कमरेला बोळा. तुम्ही तो उलटून शिवणी पाहिल्यात. मग सगळा उसवलात. तीन दिवस दुसरं काम घेतलं नाहीत. पुढे दरवेळी कंपनीचं कापड यायचं आणि पँट तुम्हीच शिवायचात. “मागच्या शिवणीत दोन बोटं माया ठेवलीय,” तुम्ही म्हणालात. “स्वल्प अंग धरलंस तर उसवून सैल करता येईल. पायलट झालीस म्हणून जेवायचं सोडणार की काय?” मी तेव्हा चिडले होते. थँक्यू म्हटल्याचं मला आठवत नाही.

मग लकव्याने तुमची उजवी बाजू गेली. दुकान बंद झालं, तुम्ही मशीनसकट माझ्याकडे येलहंक्याला आलात. दिवसा बाई असायची, रात्री मी. समोरच्या अक्का अधूनमधून येऊन बसायच्या. मी मुक्कामाच्या फ्लाइट मागणं बंद केलं होतं, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल अशाच मागायचे. रात्री तुम्हाला तीनदा-चारदा उठावं लागायचं. हाक मारायच्या आधी तुम्ही घसा साफ करायचात, आणि तेवढ्यानेच मी जागी व्हायचे. प्रत्येक वेळी तुम्ही म्हणायचात, “उठवलं गं तुला.” असे आठ महिने गेले. एकदा सिम्युलेटरच्या तपासणीत मी एक साधी गोष्ट विसरले. तपासणाऱ्याने विचारलं, झोप होतेय ना नीट? मी हो म्हटलं.

त्या महिन्यात मी फॉर्मवर सिंगापूर पहिलं लिहिलं.

ड्यूटीचं रोस्टर आल्यावर तुमच्या खाटेजवळ उभी राहून मी म्हटलं, “अण्णा, सिंगापूर लावलंय कंपनीने. एक रात्र. मी बोलून बघितलं, पण काही होत नाही.” कुणाशीही बोलले नव्हते. तुम्ही डावा हात माझ्या मनगटावर ठेवलात. उलट मलाच धीर दिलात. “सरी. ड्यूटी म्हटल्यावर काय करणार. अक्का आहेत की. येताना मशीनच्या सुया आण, सोळा नंबरच्या. तिथे चांगल्या मिळतात म्हणे.” तुमचा उजवा हात पांघरुणावर पडलेला होता. सुया कुणासाठी, हे मी विचारलं नाही.

सिंगापूरला उतरल्यावर दुपारी बाजारात जाऊन सुया घेतल्या. हॉटेलवर आले, चार वाजता पडदे ओढले आणि झोपले. कुणी घसा साफ केला नाही. थेट सकाळी जाग आली ती फोनने. अक्का कानडीत बोलता बोलता रडत होत्या, त्यामुळे सगळं कळायला वेळ लागला. तुम्ही पहाटे झोपेतच गेला होतात. परतीचं विमान मला चालवू दिलं नाही, ते बरोबरच होतं. युनिफॉर्म बॅगेत ठेवून प्रवाशासारखी शेवटच्या रांगेत बसून आले.

अक्कांनी मला नंतर सांगितलं. संध्याकाळी तुम्ही छातीत जड वाटतंय म्हणालात. डॉक्टर येऊन गोळी देऊन गेले, सकाळी दवाखान्यात आणा म्हणाले. अक्कांनी मला फोन लावायला घेतला, तर तुम्ही त्यांचा हात धरलात. “नको. झोपली असेल. झोपू दे तिला.”

अण्णा, तुम्ही ‘कामात असेल’ असं म्हणाला नाहीत. तिथे तेव्हा रात्रीचे साडेनऊसुद्धा झाले नव्हते. ड्यूटीवर गेलेली मुलगी त्या वेळी झोपली असेल असं तुम्हाला का वाटलं, हे मी अकरा वर्षं मनात फिरवतेय. कधी वाटतं, सहज म्हणाला असाल. कधी वाटतं, घरात माझी झोप किती होते हे माझ्याहून तुम्हाला जास्त ठाऊक होतं, आणि मी खाटेजवळ उभी राहून बोलत होते तेव्हाच तुम्ही अस्तर उलटून पाहिलं होतंत.

आज वर्ग सुटल्यावर ती मुलगी पार्किंगपर्यंत माझ्याबरोबर चालत आली. “मॅम, मघाशी मी चेष्टेत विचारलं. पण तुमचा चेहरा… खरंच हॉटेलच ना?” म्हणजे कुणीतरी विचारलं, अगदी सरळ. आणि मी म्हटलं, “अगं, हॉटेलच. गाद्या फार मऊ आहेत.” ती हसली आणि स्कूटर काढून गेली.

म्हणून हे लिहायला बसले. सिंगापूर कंपनीने लावलं नव्हतं. मी मागितलं होतं. तुमच्यापासून एक रात्र लांब झोपायला मिळावं म्हणून मागितलं होतं, आणि त्यावर कंपनीची पट्टी टाचून तुम्हाला दिलं. तिथे मला झोप फार छान लागली, हेही खरं आहे. हे सांगायला जास्त जड जातंय.

चहा गार झाल्यावर मी पुढच्या महिन्याचा फॉर्म उघडला. ‘नको’मधून सिंगापूर काढलं आणि पहिल्या पसंतीला लिहिलं. जाऊन काय करणार ते माहीत नाही. मिळेल की नाही तेही माहीत नाही, कॅप्टननीही तेच मागितलं असणार. मिळालं तर त्या मुलीला खरं काय ते सांगेन म्हणते. पण असं मी स्वतःला आधीही सांगितलंय.

हा कागद मशीनच्या खणात ठेवते, बॉबिनांच्या डब्याखाली. तिथे ते सुयांचं पाकीट अजून तसंच बंद आहे. तुम्ही शिवलेली शेवटची पँट मला महिनाभर कमरेत घट्ट होतेय. खिडकीत अजून उजेड आहे तोवर मागची शिवण उसवते. पाकीट फोडलं, सुई बसवली. दोरा ओवायला मात्र चष्मा शोधावा लागला.